सरकारी अनुदान आणि शेतकऱ्याचें नांव

राजाच्या कोठारांतून कोणाला किती धान्य गेलें हें कोठीच्या कारकुनाला ठाऊक असे, आणि मनांत आलें तर राजालाहि कळे. परंतु ज्यांच्या शेतांतून तें धान्य आलें त्या रयतेला तें विचारण्याची सोय नसे. लोकशाही राज्य सुरू झाल्यावर ही स्थिति आपोआप पालटली असेल, असें कोणासहि वाटेल. इतिहास मात्र तसें सांगत नाहीं. शेतकऱ्यांना मदत म्हणून सरकारी खजिन्यांतून जो पैसा दरसाल बाहेर पडतो, तो शेवटीं कोणाच्या हातीं पडतो, हा साधा प्रश्न विचारून त्याचें उत्तर मिळविण्यास अमेरिका आणि युरोप या दोन्ही खंडांतील सुशिक्षित प्रजेला कित्येक दशकें लागलीं. उत्तर मिळाल्यावर त्यांतून दुसरा, अधिक अवघड प्रश्न निघाला. त्या दोन्ही प्रश्नांची ही हकीकत आहे.

अडचणीचें मूळ 'शेतकरी' या शब्दांतच आहे. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर पोट भरणारा तो शेतकरी, दोन हजार एकरांचा धनी तोहि शेतकरी, आणि साखरेचा कारखाना चालविणारी कंपनी हीहि सरकारी वहींत कित्येकदां शेतीच्याच सदराखालीं मोडते. शहरांत राहणारा गृहस्थ 'शेतकऱ्याला मदत' हे शब्द ऐकतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें पहिला शेतकरी उभा राहतो आणि कर देतांना त्याचा हात आखडत नाहीं. पैसा मात्र तिघांकडेहि जातो, आणि पुष्कळदां जमिनीच्या किंवा मालाच्या प्रमाणांत जातो. हा भेद जोंवर कोणी नांवनिशीवार दाखवून देत नाहीं, तोंवर लहानाच्या गरिबीचें पांघरूण मोठ्याच्या लाभावर तसेंच पडून राहतें.

या कथेचा आरंभ अमेरिकेंत १९३३ सालीं होतो. १९२९ सालीं ज्या कापसाला पौंडामागें १६ सेंटांहून अधिक भाव होता, तोच कापूस १९३२ सालीं ६ सेंटांच्या आसपास विकला जात होता. शेतकरी कर्जांत बुडाला होता आणि त्याला कर्ज देणाऱ्या पेढ्या त्याच्याबरोबर बुडत होत्या. १२ मे १९३३ रोजीं अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनीं शेतमालाचें उत्पादन आवरण्याच्या कायद्यावर सही केली. माल कमी पिकला म्हणजे भाव चढेल, हें त्या कायद्याचें गृहीत होतें. म्हणून शेतकऱ्यानें आपली कांहीं जमीन पड टाकावी आणि त्याबद्दल सरकारनें त्याला रोख रक्कम द्यावी, असे करार होऊं लागले. त्या वर्षीं १ कोटी एकरांहून अधिक क्षेत्रावरील उभा कापूस नांगरून टाकण्यांत आला, आणि सुमारें ६० लक्ष डुकरें सरकारनें विकत घेऊन मारविलीं. या खर्चासाठीं पिठाच्या गिरण्या, कापडाच्या गिरण्या आणि मांसाचे कारखाने यांच्यावर कर बसविला होता. तो अर्थातच पाव आणि कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोंचला.

त्या आरंभींच्या दिवसांत नांवांच्या प्रसिद्धीची एक लक्षांत ठेवण्याजोगी पद्धति होती. गव्हाच्या करारांत भाग घेणाऱ्या शेतकऱ्यानें मागील वर्षांत आपण किती एकर पेरले आणि किती गहूं पिकविला हें लिहून द्यावयाचें, आणि तें निवेदन त्याच्याच भागांतील वृत्तपत्रांत छापून यावयाचें, असा क्रम ठरलेला होता. लक्षावधि शेतें मोजण्यास पुरतील इतके मोजणीदार सरकारजवळ नव्हते. तेव्हां शेजारी हाच तपासनीस झाला. ज्यानें चाळीस एकरांचे साठ करून सांगितले, त्याचें बिंग वॉशिंग्टनच्या कचेरीला कळण्यापूर्वीं बांधावरच्या माणसाला कळे. उघडेपणाचा हा प्रकार कोणा तत्त्ववेत्त्यानें शोधून काढलेला नव्हता. तो हिशेबाच्या गरजेंतून निघालेला होता.

परंतु गांवांतील लहानाची लबाडी पकडण्यास उपयोगी पडणारें हें साधन देशांतील मोठ्याचा लाभ दाखविण्यास अपुरें होतें. कोणाला सर्वांत अधिक पैसा मिळाला, हें एखाद्या तालुक्याच्या पत्रावरून समजण्यासारखें नव्हतें. १९३६ च्या जानेवारींत सुप्रीम कोर्टानें १९३३ च्या कायद्याचा मुख्य भाग घटनाबाह्य ठरविला, आणि त्याच वर्षीं मिशिगन संस्थानचे सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांनीं सिनेटमध्यें ठराव आणून १० हजार डॉलरांहून अधिक रक्कम ज्यांना मिळाली त्यांची माहिती कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्याकडे मागितली. व्हँडेनबर्ग हे विरोधी पक्षाचे आणि पूर्वाश्रमींचे वृत्तपत्रकार. निवडणुकीचें वर्ष होतें, त्यामुळें त्यांचा हेतु निव्वळ ज्ञानप्राप्तीचा होता असें कोणी म्हणणार नाहीं. तरी जी माहिती बाहेर आली ती बोलकी होती. मिसिसिपी नदीकांठच्या डेल्टा अँड पाइन लँड या कंपनीला लक्षाहून अधिक डॉलर मिळाले होते. ही कंपनी इंग्लंडमधील सूत कातणाऱ्या मंडळीच्या मालकीची, आणि तिचे अध्यक्ष ऑस्कर जॉन्स्टन हे याच अनुदान-खात्याच्या अर्थव्यवस्थेवर काम केलेले अधिकारी. यांत बेकायदेशीर कांहीं नव्हतें. जमीन अधिक, म्हणून पड टाकलेली जमीन अधिक, म्हणून पैसा अधिक, असा सरळ हिशेब होता. परंतु तो हिशेब लोकांसमोर आल्यावर 'गरीब शेतकऱ्याला हात' हें वर्णन पुरें पडेना.

याहून गंभीर गोष्ट त्या यादींत आलीच नाहीं. दक्षिणेंतील कापूस बव्हंशीं मालक पिकवीत नसे. तो वांटेकरी कुळें पिकवीत, त्यांत कृष्णवर्णीयहि होते आणि गोरेहि होते. करार सरकार व मालक यांच्यांत होई, रक्कम मालकाच्या हातीं जाई, आणि तिचा जो भाग कुळाला द्यावयाचा तो मालकाच्या सचोटीवर सोंपविलेला असे. जमीन पड पडली म्हणजे कुळाची गरजहि उरत नसे, आणि अनेक कुटुंबांना घरदार सोडून रस्त्यावर यावें लागलें. १९३४ च्या जुलैंत आर्कान्सास संस्थानांतील टायरोंझा या गांवीं अशा कुळांनीं आपला संघ स्थापन केला. त्यांत दोन्ही वर्णांचे लोक एकत्र बसले, ही त्या काळीं तेथें लहान गोष्ट नव्हती. कुळांना काढतां कामा नये असा कायद्याचा अर्थ लावणाऱ्या कांहीं सरकारी वकिलांना फेब्रुवारी १९३५ मध्यें वॉलेस यांनीं कामावरून दूर केलें. तात्पर्य, अनुदानाची यादी कितीहि उघडी असली तरी ती पैसे घेणाराचें नांव सांगते. ज्याच्या वांट्याचे पैसे दुसऱ्यानें घेतले त्याचें नांव तींत नसतें.

युरोपांत हा प्रश्न बराच उशिरां उत्पन्न झाला, आणि त्याचें कारण तेथील मदतीच्या पद्धतींत होतें. १९५७ च्या रोमच्या तहानें सहा राष्ट्रांचा जो संघ निर्माण झाला, त्यानें १९६२ पासून शेतीचें एक सामाईक धोरण आखलें. महायुद्धांतील उपासमार लोकांच्या स्मरणांत ताजी होती. गहूं, लोणी, साखर यांचा भाव ठराविक पातळीखालीं जाऊं लागला कीं संघानें स्वतः माल विकत घ्यावयाचा, असा नियम झाला. या व्यवस्थेंत मदत होती, पण ती भावांत मुरलेली होती. दुधांत साखर विरघळावी तशी ती बाजारभावांत विरघळलेली असल्यामुळें कोणाच्या नांवावर किती पडली हें निराळें काढून दाखवितां येत नव्हतें. ज्याचा माल अधिक त्याचा लाभ अधिक, हें सर्वांना तर्कानें समजत होतें. पण तर्काला नांव नसतें आणि आंकडाहि नसतो. कोठारांत लोण्याचे डोंगर सांचले, दारूचीं तळीं झालीं, आणि १९८० नंतरच्या दशकांत संघाच्या एकूण खर्चाचा सुमारें दोन तृतीयांश भाग शेतीवर जाऊं लागला.

१९९२ सालीं आयर्लंडचे रे मॅक्शॅरी हे शेतीखात्याचे आयुक्त असतांना ही पद्धति बदलली. हमीचे भाव उतरविण्यांत आले आणि त्या बदल्यांत शेतकऱ्याला दर हेक्टरामागें व दर जनावरामागें रोख रक्कम देण्याचें ठरलें. २००३ च्या सुधारणेनें पिकाचा संबंधहि बराचसा तोडला, आणि मुख्यतः जमीन हीच मदतीची कसोटी झाली. शेतीशास्त्राच्या दृष्टीनें या बदलाचे परिणाम अनेक झाले, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें एकच महत्त्वाचा आहे. भावांतील मदत ज्या दिवशीं रोख रकमेंत आली, त्याच दिवशीं यादी जन्माला आली. आतां प्रत्येक सरकारजवळ नांव, गांव आणि रक्कम लिहिलेली वही होती. फक्त ती वही कपाटांत होती.

कपाट प्रथम उघडलें तें अमेरिकेंत. तेथें माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा १९६६ पासून होता, तरी अनुदान घेणाऱ्या व्यक्तींचीं नांवें खासगी आहेत असें सरकारी खातें म्हणत असे. 'वॉशिंग्टन पोस्ट' या पत्रानें कापसाच्या अनुदानासंबंधीं दावा लावला, आणि १९९६ सालीं तेथील संघीय न्यायालयानें नांवें देण्याचा निकाल दिला. पुढें २००१ सालीं एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेनें सर्व देशाची यादी संगणकावर सर्वांना पाहतां येईल अशी प्रसिद्ध केली. पैशाचा सुमारें दोन तृतीयांश भाग वरच्या एक दशांश लोकांकडे गेला होता. यादींत डेव्हिड रॉकफेलर आणि टेड टर्नर यांच्यासारखीं धनाढ्यांचीं नांवें निघालीं. त्याच सुमारास काँग्रेसमध्यें शेतीच्या नव्या कायद्याची चर्चा चालू होती. मतदार आपल्या प्रतिनिधीला आतां नांवें घेऊन प्रश्न विचारूं लागला.

युरोपांत डेन्मार्कनें वाट दाखविली. नील्स मुल्वाद हे पत्रकार व त्यांचे सहकारी यांनीं चिकाटीनें मागणी केल्यावर २००४ सालीं तेथील सरकारनें यादी खुली केली. इंग्लंडमध्यें त्याच वर्षीं ऑक्सफॅम या संस्थेला जमिनीच्या क्षेत्रावरून अदमासानेंच मोठ्या जमीनदारांचें अनुदान काढावें लागलें होतें. १ जानेवारी २००५ रोजीं माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा तेथें अमलांत आला, आणि मार्च महिन्यांत अदमासाची गरज संपली. साखरेचा व्यापार करणारी टेट अँड लाइल ही कंपनी, वेस्टमिन्स्टरचे ड्यूक, आणि सँड्रिंगहॅमच्या शेतीसाठीं खुद्द राणी एलिझाबेथ यांचीं नांवें यादींत होतीं. हॉलंडमध्यें त्या खात्याचे मंत्री केस वेअरमन यांनाच आपल्या हॉलंड आणि फ्रान्समधील शेतीबद्दल अनुदान मिळत असल्याचें लोकांना कळलें. यांतहि कायदा मोडला असें नव्हतें. परंतु धोरण ठरविणारा आणि धोरणाचा लाभ घेणारा एकच असेल, तर तें प्रजेला ठाऊक असावें, इतकें तत्त्व नाकारणें कोणासहि कठीण झालें.

त्याच वर्षीं ब्रुसेल्स येथें संघाचे एक उपाध्यक्ष, एस्टोनियाचे सीम कालास, यांनीं सार्वजनिक पैशाच्या उघडेपणाची मोहीम हातीं घेतली. २००७ आणि २००८ सालच्या नियमांनीं असें ठरलें कीं, प्रत्येक सभासद राष्ट्रानें दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाचें नांव, गांव, टपाल-विभागाचा क्रमांक आणि रक्कम संकेतस्थळावर मांडावी. २००९ सालीं बहुतेक राष्ट्रांनीं तसें केलें. जर्मनींत मात्र शेतकऱ्यांनीं हरकत घेतली, आणि बव्हेरिया प्रांतानें कांहीं काळ नांवें देण्याचें नाकारलें.

येथून या इतिहासाला दुसरें वळण लागलें. हेसेन प्रांतांतील एक शेती-भागीदारी आणि एक शेतकरी अशा दोघांनीं वीस्बाडेनच्या न्यायालयांत फिर्याद केली. पहिलीला त्या वर्षीं ६४ हजार युरोंहून थोडे अधिक मिळाले होते, तर दुसऱ्याला सुमारें ६ हजार. त्यांचें म्हणणें असें कीं, आम्ही कांहीं चोरी केलेली नाहीं. कायद्यानें देऊं केलेली रक्कम आम्ही अर्ज करून घेतली. तेवढ्यासाठीं आमच्या मिळकतीचा एक भाग शेजारी, सावकार, व्यापारी आणि जगांतील कोणाहि रिकामटेकड्या माणसापुढें कां उघडा करावा? लहान गांवांत एका कुटुंबाचें अनुदान कळलें कीं त्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधणें अवघड नसतें. सरकारकडून वेतन घेणारा शिक्षक, निवृत्तिवेतन घेणारी विधवा, आजारपणांत मदत घेणारा मजूर यांचीं नांवें कोणी गांवच्या वेशीवर लावीत नाहीं; मग शेतकऱ्याचेंच कां?

हा प्रश्न टाकाऊ नव्हता, आणि लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें तो टाकाऊ मानला नाहीं. ९ नोव्हेंबर २०१० रोजीं त्याच्या मोठ्या पीठानें निकाल दिला. आपल्या करांतून दिलेला पैसा कसा खर्च होतो हें जाणण्याचा करदात्याचा हक्क न्यायालयानें स्पष्टपणें मान्य केला. परंतु संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेंत खासगी जीवनाचें आणि वैयक्तिक माहितीचें संरक्षण हेंहि नमूद आहे. या दोहोंचा तोल कायदे करणाऱ्यांनीं साधलाच नव्हता. किती वर्षें मदत घेतली, किती वेळां घेतली, कोणत्या प्रकारची आणि किती रकमेची घेतली, असा कोणताहि भेद न करतां पांचशें युरोवाला आणि पांच लक्षवाला यांना नियमानें एकाच यादींत उभें केलें होतें. म्हणून व्यक्तींपुरते ते नियम रद्द ठरले; कंपन्या आणि संस्था यांचीं नांवें प्रसिद्ध करण्यास न्यायालयाची हरकत नव्हती.

निकालाचा तात्कालिक परिणाम विचित्र झाला. नांवें झांकली जावींत अशी ज्यांची इच्छा होती त्यांत मोठे जमीनदारहि होते; लहानाच्या अब्रूसाठीं बांधलेल्या भिंतीच्या आड तेहि जाऊन बसले. वैयक्तिक नांवानें शेती करणारा हजार हेक्टरांचा मालकहि 'व्यक्ति'च असल्यामुळें त्याचें नांव यादींतून गेलें. खासगीपणाचा हक्क खरा, तरी त्याची सांवली किती लांब पडते हें यावरून दिसलें.

यावर तोडगा निघण्यास तीन वर्षें लागलीं. २०१३ सालच्या नव्या नियमानें व्यक्तींचीं नांवें पुन्हां जाहीर करण्याचें ठरलें, परंतु लहान शेतकऱ्यांच्या योजनेसाठीं ठरविलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे फार तर १२५० युरोपर्यंत, मदत घेणाराचें नांव न देतां केवळ सांकेतिक क्रमांक द्यावा, अशी सूट ठेवली. मोठ्याचें नांव उघडें, लहानाची रक्कम उघडी पण नांव झांकलेलें, असा तो मध्यम मार्ग होता. २०१५ पासून त्याप्रमाणें याद्या निघूं लागल्या. पूर्वींच्या नियमांत जो तराजू नव्हता तो आतां आला.

तरी यादीनें सर्व कांहीं साधतें असें नाहीं, हें स्लोव्हाकियांत दिसून आलें. २१ फेब्रुवारी २०१८ रोजीं यान कुत्सियाक हा २७ वर्षांचा वार्ताहर आणि त्याची वाग्दत्त वधू मार्तिना कुश्निरोवा यांचा त्यांच्या घरांत गोळ्या घालून खून झाला. इटलींतील गुन्हेगार टोळीशीं लागेबांधे असल्याचा संशय असलेले कांहीं व्यावसायिक पूर्व स्लोव्हाकियांत युरोपीय शेती-अनुदान कसें मिळवितात, या विषयावरील त्याचा लेख अपुराच राहिला होता. तो त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. खुनाचा तपास पुढें त्याच्या दुसऱ्या लिखाणाकडे वळला, परंतु लोकक्षोभानें पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांना मार्च महिन्यांत राजीनामा द्यावा लागला. त्या अपुऱ्या लेखाचा धडा असा कीं, यादींत कंपनीचें नांव असतें. कंपनीचा खरा धनी कोण, आणि ज्या जमिनीवर पैसा घेतला ती जमीन कोणाची, हें शोधण्यास माणूस लागतो, आणि त्या माणसाला निर्भयपणें हिंडतां आलें पाहिजे.

भारतांत हा प्रश्न निराळ्या अंगानें आला. येथें वंचितांनींच उघडेपणा मागितला. राजस्थानांत डिसेंबर १९९४ पासून मजूर किसान शक्ति संघटनेनें गांवोगांव जनसुनावण्या भरवून सरकारी हजेरीपटावरील नांवें मोठ्यानें वाचून दाखविलीं. मेलेल्या आणि गांव सोडून गेलेल्या माणसांच्या नांवानें मजुरी उचलली गेल्याचें ऐकणाऱ्यांनींच सांगितलें. महाराष्ट्रानें २००२ सालीं माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून सर्व देशाला तो अधिकार मिळाला. या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमांत, अनुदानाच्या योजना कशा राबविल्या जातात, त्यांत किती रक्कम ठेवली आहे आणि लाभार्थी कोण आहेत, हें प्रत्येक कचेरीनें कोणी न विचारतां स्वतः होऊन प्रसिद्ध करावें असें लिहिलें आहे. युरोपला जें नियमांत बसविण्यास २००७ साल उजाडलें, तें येथें दोन वर्षें आधीं कायद्यांत आलें होतें.

कायदा आणि व्यवहार यांतील अंतर मात्र मोठें राहिलें. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफींत पात्र शेतकऱ्यांच्या याद्या बँकेच्या प्रत्येक शाखेंत फळ्यावर लावण्याचा हुकूम होता. तरी २०१३ सालीं महालेखापरीक्षकांनीं तपासलेल्या खात्यांपैकीं पांचांत एकाहून अधिक खात्यांत दोष आढळले. कोणी अपात्र असून लाभ घेऊन गेला, कोणी पात्र असून राहून गेला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कर्जमाफींत अर्जदारांच्या याद्यांचें गांवोगांव चावडीवाचन करण्यांत आलें, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें नव्या योजनेची पहिली यादी ६८ गांवांपुरती निघाली. ज्या चावडींत पूर्वीं सारा वाचला जाई, त्याच चावडींत आतां सरकारी देणें वाचलें जाऊं लागलें. शेजारी हाच तपासनीस, हें अमेरिकन जिल्हापत्रांचें तत्त्व मराठी गांवाला शिकविण्याची गरज नव्हती. पण तेथेंहि एक नाजूक भेद आहे. अनुदानाची यादी माणसाला काय मिळालें तें सांगते. कर्जमाफीची यादी तो किती कर्जांत होता तेंहि सांगते. मुलीचें लग्न ठरवावयाचें असलेल्या घराला हा भेद फार जाणवतो.

२४ फेब्रुवारी २०१९ पासून सुरू झालेल्या किसान सन्मान योजनेंत जमीनधारक कुटुंबाला वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात, आणि गांववार याद्या संगणकावर पाहतां येतात. तरीहि २०२१ च्या आरंभीं माहितीच्या अधिकाराखालीं मिळालेल्या उत्तरावरून असें दिसलें कीं, सुमारें २० लक्ष ४८ हजार अपात्र लोकांना १३६४ कोटि रुपये गेले होते. त्यांत निम्म्याहून अधिक लोक आयकर भरणारे होते, आणि पंजाब, आसाम व महाराष्ट्र हे प्रांत या बाबतींत पुढें होते. यादी उघडी होती, पण ती कोणी वाचून पाहिली नव्हती. शिवाय ही मदत जमीनधारकाला मिळते. दुसऱ्याची जमीन वांट्यानें कसणारा, आणि जिच्या नांवानें सातबाराच नाहीं ती शेतकरी स्त्री, यांचा पत्ता तींत नाहीं. टायरोंझाच्या कुळांची गोष्ट परदेशची म्हणून सोडून देतां येत नाहीं ती यासाठीं.

२०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांत माहिती-अधिकाराच्या कायद्याचें आठवें कलम बदलण्याची तरतूद आहे. पूर्वीं त्या कलमाखालीं वैयक्तिक माहिती नाकारतांना तिचा सार्वजनिक कामाशीं संबंध आहे कीं काय, हें पाहावें लागे. नव्या शब्दरचनेंत माहिती वैयक्तिक असणें एवढेंच पुरतें. व्यापक लोकहितासाठीं माहिती देण्याची निराळी मुभा त्याच कलमांत शिल्लक आहे, आणि लाभार्थ्यांची माहिती स्वतः होऊन देण्याचें चौथें कलमहि कायम आहे. या दोहोंपैकीं कोणतें कलम कचेरींतील अधिकारी आधीं उघडील, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून राहील.

खासगीपण आणि उघडेपणा यांतील एकाची निवड करण्याचा प्रसंग येतो तो बहुधा आळसामुळें, असें या नव्वद वर्षांच्या अनुभवावरून म्हणतां येईल. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांनीं कपाट बंद करा असें सांगितलें नव्हतें. लहानमोठ्याचा भेद करून उघडा, एवढेंच सांगितलें होतें. तो भेद करण्यास श्रम पडतात. मर्यादा ठरवावी लागते, कंपनीमागील माणूस शोधावा लागतो, आणि मग यादी वाचावीहि लागते. गांवांत ती वाचण्याचें काम शेजारी करतो. शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचा त्या पैशांत वांटा असतो, कारण तो करांतून जातो. पण यादी वाचण्याच्या कामीं मात्र तें कुटुंब अजून फारसें पुढें आलेलें नाहीं. त्यानें ती हातीं घेतली, तर वरच्या नांवांवर बोट ठेवून थांबूं नये. त्या गांवांत जमीन कसणारे किती, आणि यादींत आले किती, हीहि मोजणी करावी. अमेरिकेंत १९३६ सालीं ती कोणी केली नव्हती.